‘मला झेपते’: जर्मनीत गेलेलं लायसन्स परत मिळवताना

१२ डिसेंबर २०२४ रोजी माझं ड्रायव्हिंग लायसन्स मला परत मिळालं. १७ महिने ते माझ्याकडे नव्हतं, आणि ते गेलं होतं सायकलमुळे. दारू पिऊन सायकल चालवली तर गाडीचं लायसन्स जाऊ शकतं, हे जर्मनीत सात वर्षं राहूनही मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत मराठीत यावर कुणी काही लिहिलंय का म्हणून रात्र रात्र शोधायचो. ओळखीतल्या कुणाला विचारायची लाज वाटायची. आता सगळं पार पडलंय आणि कागद अजून फायलीत आहेत, तेव्हा क्रमाने लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर २०२२, रविवार. दुसऱ्या दिवशी जर्मन एकीकरणाची सुट्टी. ऑफिसातल्या चौघांबरोबर श्टुटगार्टमधल्या कानश्टाटच्या जत्रेला गेलो होतो. तिथे तंबूत बिअर मिळते ती एक लिटरच्या मगातच, आणि जत्रेची बिअर रोजच्यापेक्षा कडक असते. पाच तासांत मी तीन मग प्यायलो. पिणार हे ठाऊक होतं म्हणून गाडी घरी ठेवून सायकल नेली होती, आणि हे आपण शहाणपणाने केलं असंच मला वाटत होतं. रात्री साडेअकराला नेकार नदीच्या कडेने निघालो. हेल्मेट घातलं होतं, दिवा लावला होता. पुलाखालच्या वळणावर चाक कडेच्या दगडाला घासलं आणि मागून पोलिसांची गाडी आली. आधी फुंकायला लावलं, मग चौकीवर नेऊन डॉक्टरकडून रक्त काढून घेतलं. दोन आठवड्यांनी आकडा कळला: १.७२ प्रोमिले.

प्रोमिले म्हणजे हजारात किती. भारतात कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माझा आकडा तिच्या जवळजवळ सहापट होता. जर्मनीत गाडी चालवणाऱ्याला १.१ पासून फौजदारी गुन्हा लागतोच, सायकलवाल्याला १.६ पासून; चालवण्यात चूक दिसली तर त्याहून कमी आकड्यालाही लागू शकतो. उभ्याने चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरला गाडीचाच नियम आहे, हे नव्याने आलेल्या मुलांनी लक्षात ठेवा. आणि १.६ किंवा त्याहून जास्त निघालं की वाहन कुठलंही असो, लायसन्स ऑफिस वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी मागतं. तिचं जर्मन नाव लांबलचक आहे, सगळे एमपीयू म्हणतात.

डिसेंबरमध्ये कोर्टाचा पिवळा लिफाफा आला. आत श्ट्राफबेफेल, म्हणजे सुनावणी न घेता पाठवलेला शिक्षेचा आदेश. दंड ३० दिवसांच्या कमाईइतका, दिवसाला ८० युरो धरून २,४०० युरो, शिवाय खर्चाचे २४०. असा लिफाफा आला की त्यावर पोस्टमनने टाकलेली तारीख पाहा, हरकत घ्यायची मुदत तिथून दोन आठवडेच असते. मी हरकत घेतली नाही, हप्ते बांधून घेतले. मला धास्ती होती ती व्हिसाची आणि पुढे नागरिकत्वाची. वकिलाने समजावलं की पहिलाच गुन्हा आणि ९० दिवसांपर्यंतचा दंड असेल तर नोकरीसाठी काढायच्या चारित्र्याच्या दाखल्यावर तो येत नाही, नागरिकत्वातही आड येत नाही. तेवढ्या एका वाक्यानंतर मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

इथे माझी मोठी चूक झाली. दंड भरला की प्रकरण मिटलं, असं मी धरून चाललो. सायकलच्या प्रकरणात कोर्ट लायसन्सला हात लावत नाही, ते काम लायसन्स ऑफिसचं, आणि तिथली फाइल सावकाश चालते. त्यांचं पत्र मार्च २०२३ मध्ये आलं: १५ जूनपर्यंत एमपीयूचा अहवाल द्या, नाहीतर तुम्ही वाहन चालवायला अपात्र आहात असं धरू. रक्ताचा आकडा कळल्यापासून पत्र येईपर्यंतचे पाच महिने मी वाया घालवले होते. तुमच्यावर ही वेळ आली तर पत्राची वाट पाहू नका. आकडा कळला त्याच आठवड्यात तयारीला लागा.

एका मित्राने सांगितलं, अरे काही नसतं, कॉम्प्युटरवर बटणं दाबायची आणि थोडं बोलायचं. मे महिन्यात ५९० युरो भरून मी तसाच गेलो. बटणं नीट दाबली, रक्त दिलं. मग मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर बसलो. त्यांनी विचारलं, एरवी किती पिता? मी म्हटलं, फार नाही, महिन्यातून दोनदा, दोन-दोन बिअर. त्या दिवशी जरा जास्त झाली. त्या म्हणाल्या, “महिन्यातून दोनदा दोन बिअर पिणाऱ्या माणसाने एका संध्याकाळी तीन लिटर प्यायली तर त्याचं काय होईल?”

“उलट्या होतील. उभं राहता येणार नाही.”

“तुम्हाला तसं झालं?”

“नाही.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत, टाइप करत राहिल्या. तीन आठवड्यांनी १७ पानी अहवाल आला, नकारात्मक. माझी वाक्यं त्यात अवतरणात जशीच्या तशी छापली होती, आणि त्यांच्याखाली लिहिलं होतं की या माणसाच्या सांगण्याशी त्याच्या रक्तातला आकडा जुळत नाही.

एमपीयूचं मर्म या ओळीत आहे, ते कळायला मला ५९० युरो आणि एक लायसन्स लागलं. आपल्याकडे म्हणतात ना, ‘याला चांगली झेपते’. कॉलेजपासून ते मी कौतुक म्हणून ऐकत आलो, स्वतःही म्हणायचो, मला झेपते. १.७२ असताना सायकलवर बसता येणं, नीट बोलता येणं म्हणजेच झेपणं, आणि ते वर्षानुवर्षं भरपूर प्यायल्याशिवाय येत नाही. ज्याला मी माझी ताकद समजत होतो तोच त्यांच्या लेखी पुरावा होता. सायकलवालाही १.६ ला एमपीयूत का अडकतो, तेही यातून कळतं: त्यांना त्या रात्रीशी कर्तव्य नसतं, त्या आकड्यामागच्या सवयीशी असतं.

अहवाल तुमच्या मालकीचा असतो, तुम्हालाच येतो. नकारात्मक असेल तर तो ऑफिसला देऊ नका, एकदा फाइलला लागला की पुढच्या तपासनिसालाही दिसतो. मी दिला नाही. पण अहवाल न देणं हेही त्यांच्या नियमात अपात्रताच धरतात. १० जुलै २०२३ ला काउंटरवर जाऊन कार्ड जमा केलं. भारतातलं लायसन्स बदलून घेण्यासाठी इथे मी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. त्यातून मिळालेलं ते कार्ड काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर पाकिटात घालून स्टेपल केलं. त्या वेळी मुलगी दोन वर्षांची होती. तिला पाळणाघरात सोडायला गाडीने १० मिनिटं लागायची, आता दोन बस बदलून ५० मिनिटं. त्यात तिची चूक काही नव्हती.

त्यानंतर दोन महिने मी इंटरनेटवरच्या जाहिराती वाचण्यात घालवले. एमपीयूशिवाय परदेशी लायसन्स, शंभर टक्के हमी, वगैरे. पैसे घालवू नका. जर्मनीने लायसन्स काढून घेतलं असताना भारतातलं लायसन्स दाखवूनही इथे गाडी चालवता येत नाही, तो सरळ गुन्हा होतो. आणि वाट पाहत बसायचं म्हटलं तर नोंद पुसली जायला १५ वर्षांपर्यंत लागू शकतात. त्याच काळात मी फॅमिली डॉक्टरकडून दर महिन्याला यकृताच्या तपासण्या करून घेतल्या, म्हणजे पुढे दाखवायला होतील. त्या कुणी पाहिल्याही नाहीत. दारू बंद असल्याचा पुरावा ठरावीक निकषांनुसार काम करणाऱ्या प्रयोगशाळेचाच चालतो, त्याचा आधी करार करावा लागतो, आणि तो करार करण्याआधी आपल्याला सहा महिने लागतील की बारा, हे जाणकाराला विचारावं लागतं.

विचारायला पहिल्यांदा गेलो तो कारिटासच्या व्यसन सल्ला केंद्रात. कारिटास आणि डियाकोनी या दोन्ही संस्थांची अशी केंद्रं गावोगाव आहेत, पैसे घेत नाहीत, बोलणं बाहेर जात नाही. दाराबाहेर मी १० मिनिटं उभा होतो. आत गेल्यावर एका वयस्क गृहस्थांनी कॉफी दिली आणि म्हणाले, सावकाश सांगा. त्यांनीच पुढे वाहतूक मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. तासाला ११० युरो, अशा ११ भेटी झाल्या. माझ्या दृष्टीने सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे ते.

पहिल्या भेटीत या मानसशास्त्रज्ञांनी एक कोरा कागद दिला: १९व्या वर्षापासून आजवर केव्हा, कुठे, कुणाबरोबर, किती आणि का. लिहायला तीन आठवडे लागले. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, शेवटच्या वर्षाला खोलीवर क्वार्टर आणि फरसाण. हिंजवडीतली पहिली नोकरी, शुक्रवार आला की ‘आज बसू या’. हे ‘बसणं’ जर्मनमध्ये कसं सांगायचं ते कळेना. बसणं म्हणजे पिणं, पण त्या शब्दात पिणं येतच नाही, मैत्री येते. मी तेच सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही किती प्यायलात याचा हिशोब तुमच्या भाषेतच कुठे राहत नाही. मग इथला करोनाचा हिवाळा. नंतर २०२१ मध्ये बायको बाळंतपणाला माहेरी गेली ते सात महिने. घरून काम, साडेचारला अंधार. पाचला पहिली बाटली, मग दुसरी. आठवड्याला १५-१६ अर्ध्या लिटरच्या बाटल्या. बायको परत आल्यावर त्या कमी झाल्या, पण बाटल्या दुकानात परत करायला मी शनिवारी सकाळी ती उठायच्या आत जायचो. हे कागदावर उतरलं तेव्हा ‘महिन्यातून दोनदा’ हे मी त्या बाईंनाच नाही तर स्वतःलाही सांगत आलो होतो, हे दिसलं. तो कागद मी बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली, “बाटल्यांचं मला माहीत होतं.”

माझ्या बाबतीत मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता १२ महिने पूर्ण बंद. सगळ्यांना एवढं लागत नाही. सप्टेंबर २०२३ पासून करार केला: वर्षात सहा वेळा लघवीची तपासणी, प्रत्येकी ९५ युरो. दुसरा मार्ग केसांचा, दर तीन महिन्यांनी तीन सेंटिमीटर केस. माझे केस बारीक असतात, शिवाय घरात काही बरंवाईट झालं आणि केस द्यावे लागले तर पुरावाच जाईल, म्हणून मी लघवीची तपासणी निवडली. दारूचा अंश लघवीत दोन-तीन दिवस सापडतो, म्हणून ते कधीही फोन करतात आणि २४ तासांत हजर व्हावं लागतं. फोन चुकला, गेला नाहीत, तर वर्ष पहिल्यापासून. मी तो फोन अंघोळीलाही बाहेर स्टुलावर ठेवायचो.

तिथे काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. छोटी खोली, भिंतीला आरसा. एक मदतनीस शेजारी उभा राहतो आणि पाहतो. बाह्या कोपरापर्यंत वर, खिसे रिकामे. पहिल्या वेळी मला २० मिनिटं लागली. तो बिचारा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, घाई नाही. भीतीपोटी भरपूर पाणी पिऊन जाऊ नका, नमुना पातळ झाला तर बाद धरतात. अल्कोहोल नसलेली म्हणून मिळणारी बिअर, खोकल्याची काही औषधं, अल्कोहोलचे माउथवॉश, सगळं वर्षभर बंद. त्यांच्या पत्रकात खसखसही होती, त्यामुळे आईने दिवाळीला पाठवलेले अनारसे मी डब्यात तसेच ठेवले. शेवटी फोन करून विचारलं. खसखशीचा प्रश्न अमली पदार्थांच्या तपासणीत येतो, तुमच्या नाही, असं कळल्यावर खाल्ले.

खरी परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये झाली. चुलतभावाच्या लग्नासाठी तीन आठवडे सांगलीला गेलो, तारखा प्रयोगशाळेला आधी कळवून. पोचल्या रात्रीच मला खोकला झाला आणि आईने द्राक्षासव चमच्यात ओतलं. लहानपणापासूनचं औषध. सहज बाटली हातात घेतली तर बारीक अक्षरांत लिहिलेलं, आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण. आसवं, अरिष्टं सगळी अशीच. ती आंबवूनच करतात, हे मला माहीत असायला हवं होतं. दशमूलारिष्ट, कुमारी आसव, जे काही घरून येतं त्याची बाटली आधी वाचा.

आई चमचा धरून उभी. “अरे घे की, औषध आहे ते.” तेव्हा मला सांगावंच लागलं. बाबा बाहेरच्या खोलीत होते, ते दारात येऊन उभे राहिले. पोलीस, कोर्ट, लायसन्स, बाटल्या, सगळं सांगून होईपर्यंत दोघंही बोलले नाहीत. मग आईने चमच्यातलं औषध पुन्हा बाटलीत ओतलं, आणि हळद घालून दूध तापवायला गेली. लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर सगळी भावंडं बसली होती. मेव्हणे म्हणाले, “घ्या हो एक, जर्मनीत कोण बघतंय?” मी काही बोलायच्या आत बाबा जिन्यातून म्हणाले, “त्याला डॉक्टरने सांगितलंय, आग्रह करू नका.” ते इतक्या रात्री जिन्यात का थांबले होते, ते मी विचारलं नाही.

जुलै २०२४ मध्ये नव्या लायसन्सचा अर्ज केला. बायोमेट्रिक फोटो, ६.४३ युरोंची डोळ्यांची तपासणी, १३ युरोंचा चारित्र्याचा दाखला, आणि अर्जाची फी सुमारे २१० युरो. प्रथमोपचाराच्या कोर्सचं प्रमाणपत्र आधीच फायलीत होतं. कुठल्या केंद्रात एमपीयू करायची ते आपण निवडतो आणि ऑफिस फाइल तिकडे पाठवतं. या पाठवापाठवीत सात आठवडे गेले, तेव्हा पुरावा पूर्ण व्हायची वाट न पाहता अर्ज आधीच घालून ठेवा. फाइल ऑफिसात बसून वाचताही येते. मी वाचली, पोलिसांनी त्या रात्री काय लिहिलंय ते माहीत असावं म्हणून. ‘बोलणं स्पष्ट, चाल स्थिर’ असं लिहिलं होतं.

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, सकाळी साडेआठ. फी ६४० युरो. आधी प्रश्नावल्या. मग डॉक्टर: रक्त, रक्तदाब, डोळे मिटून नाकाला बोट लावणं. मग कॉम्प्युटर: रंग दिसला की त्या रंगाचं बटण, आवाज आला की वेगळं बटण, कोपऱ्यात पांढरा चौकोन दिसला की पायाखालचा पेडल. वेग वाढत जातो आणि चुका होतातच. चूक झाली की तिच्यामागे लागू नका, पुढचा रंग पाहा.

मुलाखत ५० मिनिटं चालली. या वेळी दुसरे मानसशास्त्रज्ञ होते. मी जर्मनमध्येच बोललो, भेटींमुळे शब्द तोंडात बसले होते. भाषा कच्ची असेल तर शपथबद्ध दुभाषा चालतो का हे केंद्राला आधी विचारा. घरातलं माणूस चालत नाही आणि खर्च आपला असतो. त्यांनी विचारलं, सायकलवर बसताना किती चढली आहे असं वाटत होतं? मी म्हटलं, थोडीशीच, आणि तेच भयंकर आहे. त्यांनी विचारलं, एकटेपणा पुन्हा आला तर? मी काय करतो ते सांगितलं: पाच वाजता लॅपटॉप मिटून मुलीला आणायला निघतो, हिवाळ्यात मंगळवारी बॅडमिंटन, आणि मन फारच उदास झालं तर कारिटासच्या त्या गृहस्थांना फोन. दोनदा केला होता, तेही सांगितलं. पाठ केलेलं एकही वाक्य बोललो नाही. एका ठिकाणी बायकोचं ‘मला माहीत होतं’ सांगताना गळा दाटला, त्यांनी टाइप करायचं थांबवून पाण्याचा ग्लास पुढे केला.

६ नोव्हेंबरला टपालपेटीत जाड लिफाफा. शेवटचं पान आधी उघडलं: पुन्हा दारू पिऊन वाहन चालवण्याची शक्यता दिसत नाही. जिन्यातच बसलो. एक प्रत काढून घेतली आणि मूळ अहवाल दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन दिला. परीक्षा पुन्हा द्यावी लागली नाही. पाच आठवड्यांनी कार्ड आलं.

कार्ड काढून घेतल्याच्या आदेशाची फी १५० युरो धरून एकूण खर्च सहा हजार युरोंच्या थोडा वर गेला. त्यातले दोन्ही एमपीयूचे मिळून १,२३०, त्यांतला पहिला पूर्ण वाया.

कार्ड घेऊन बाहेर आल्यावर ऑफिसच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. भारतात दुपार होती. फोन बाबांनी उचलला.

“मिळालं का?”

“मिळालं.”

“आणि ते?”

“ते बंदच आहे, बाबा.”

“बरं. थांब, आईला देतो.”